गळ्यासकट गाणं

जबलपुरात हल्ली कुठल्याही लग्नाला जा, नवरी हॉलच्या दारात आली की डीजेवाला एकच गाणं लावतो. गाणं मराठी आहे, नवरी बहुतेक वेळा अग्रवाल नाहीतर पटेल असते, आणि डीजेवाल्याला त्यातला 'ये' सोडून एक शब्द कळत नाही. तरी लावतो, कारण लोक मागतात. आधी ते एका मराठी चित्रपटात आलं आणि बघता बघता गाजलं. मग एका हिंदी चित्रपटवाल्यांनी ते उचललं. त्यात हिरो बसच्या टपावर उभा राहून ते गातो, मागे ढोल आणि पुढे नाचणाऱ्या पोरी. तिसऱ्या एका सिनेमात तर ते हिरॉइनच्या मोबाइलवर रिंग म्हणून वाजतं, आणि ती फोन कापून टाकते.

गाणं सुरू झालं की लग्नाच्या त्या गर्दीतून एक बाई हातातली प्लेट ठेवून बाहेर जातात. सुहासिनीबाई ओगले. शाळेतून निवृत्त झालेल्या, गुप्तेश्वरला राहणाऱ्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसणाऱ्या. "देखो, ओगले आंटी इमोशनल हो गईं," असं लोक एकमेकांना सांगतात आणि पुन्हा पनीरकडे वळतात. गाणं त्यांच्या यजमानांनी त्यांच्यासाठी केलेलं, हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या बाहेर का जातात ते मात्र कोणी विचारत नाही.

ते सांगायचं तर आधी ओगल्यांचं सांगावं लागेल.

चंद्रशेखर ओगले संरक्षण खात्याच्या कारखान्यात नकाशे काढायचे. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नर्मदेच्या या बाजूला आले असं ते घराणं सांगतं, आणि त्यांच्या तोंडावर कोणी पुरावा मागितलेला नाही. चंद्रशेखरना तोफांत रस नव्हता आणि भोसल्यांत तर त्याहून नव्हता. कारखान्यातले एक अँग्लो-इंडियन फोरमन ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा जाताना आपली गिटार या पोरसवदा ओगल्याच्या हाती देऊन गेले. त्यावर ओगले मराठी गाणी करायला लागले. शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि गळाही त्यांचाच. गावातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पेटीतबल्याच्या मधे हा माणूस गिटार घेऊन बसला की पुढच्या रांगेतले म्हातारे तपकीर काढायचे. 'गिटारवाले ओगले' हे नाव कौतुकानं पडलेलं नव्हतं.

गळा म्हणाल तर खरखरीत. थोडा नाकातला. वरच्या सुरावर तो हमखास फाटायचा आणि ओगल्यांना त्याची जराही लाज वाटायची नाही.

सुहासिनीबाई नागपूरच्या. साखरपुडा झाला आणि महिन्याभरात त्यांचे वडील गेले. लग्न वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात ओगले ड्यूटी संपली की सायकल काढून नर्मदेवर तिलवाऱ्याला जायचे आणि पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी गिटार घेऊन बसायचे. नागपूरहून येणाऱ्या बसगाड्या बघायचे. त्यातल्या एकाही बसमध्ये ती नाही हे त्यांना पक्कं माहीत असायचं. आई विचारायची, "काहून जातो रे रोज तिथं?" तर म्हणायचे, "हवा खायला." गाणं तिथं झालं:

पूल ओलांडून ये तू, मी नदी धरून ठेवतो,
उशीर झाला तरी ये, मी पान मांडून ठेवतो.

वर्ष सरलं, नागपूरला लग्न लागलं, आणि वऱ्हाडाची बस पहाटे नर्मदेशी आली. आता गंमत अशी की नवरदेव स्वतःच बसमध्ये, नवरीच्या शेजारी. पूल ओलांडून ये म्हणायचं कोणाला? ओगल्यांनी यावर वर्षभर विचार केलेला होता. त्यांनी पुलाच्या नागपूरकडच्या तोंडाशी बस थांबवली, फेटा नवरीच्या वडिलांच्या जागी बसलेल्या तिच्या काकांच्या मांडीवर ठेवला, टपावरून गिटार काढायला लावली आणि पायी पूल पार करून पलीकडे जाऊन उभे राहिले. तिथून हाका. "या आता!" मामंजी डोक्याला हात लावून बसलेले, आत्याबाई शेलक्या शब्दांत बोलतायत, ट्रकवाले भोंगे वाजवतायत, आणि नऊवारीतली नवी नवरी एकटी, हिरवा चुडा सांभाळत, तो अख्खा पूल चालत गेली. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. पण पलीकडून तो फाटका गळा ऐकू येत होता, आणि मधे नदी होती. सुहासिनीबाईंना पुढे सगळ्या आयुष्यात तेवढं सुख एका वेळी कधी मिळालं नाही, आणि तसं त्या स्पष्ट म्हणायच्या.

लग्नानंतर काही वर्षांनी ओगले रजा काढून मुंबईला गेले. एका कंपनीतल्या माणसानं गाणं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "शब्द ठेवून जा. चालही ठेवा. गळे आमच्याकडे चांगले आहेत."

ओगले म्हणाले, "गाणं गळ्यासकट आहे. घ्यायचं तर गळ्यासकट घ्या."

त्यानं घेतलं नाही. ओगले घरी आले आणि ही हकिगत त्यांनी हसत हसत, त्या माणसाची नक्कल करून सांगितली. सुहासिनीबाईही हसल्या. मग ओगले पाय धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. पाण्याचा आवाज नव्हता. सुहासिनीबाई दाराशी गेल्या नाहीत. बायकोनं कधी जायचं आणि कधी नाही हे त्यांना कळत होतं. त्यानंतर गाणं घरातच राहिलं. लग्नाच्या वाढदिवसाला एकदा, आणि त्या रुसल्या की एकदा.

त्यांची मुलगी प्रणोती हैदराबादला नोकरीला. तिला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र तिसऱ्या शब्दाला हिंदीचा हात धरते. एका सुट्टीत आली असताना तिनं आपला मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "बाबा, वो पुलवाला गाना एकदा नीट म्हणा ना." रविवार होता. ओगले स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले आणि गायले. मधे कुकरच्या शिट्ट्या, बाहेर भंगारवाल्याची हाक. 'धरून' वर गळा फाटला. शेवटचा सूर हवेत असतानाच आतून सुहासिनीबाईंनी आवाज दिला, "अहो, पान वाढून राहिली मी. उठा आता!" आणि ओगले म्हणाले, "आलो गं, आलो." खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि रेकॉर्डिंग संपलं.

प्रणोतीनं ते तसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. नातेवाइकांनी लाइकचे अंगठे दाखवले. त्यानंतर दुसऱ्या वर्षी, अंघोळीला म्हणून उठलेले ओगले पलंगाशीच बसले आणि परत उठले नाहीत.

सुहासिनीबाई ते रेकॉर्डिंग रोज ऐकायच्या. दुपारची भांडी झाली की पदराला हात पुसून फोन साखरेच्या त्याच डब्याला टेकवायचा, गाणं लावायचं, आणि शेवटचा सूर लागला की बोटानं बंद करायचं. नेमकं तिथं, स्वतःची हाक यायच्या आत. प्रणोतीनं एकदा पाहिलं आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढं ते 'आलो' म्हणतात. अन् मग मी इथं बसून वाट बघते. नाही सहन होत." त्यांनी ते 'आलो' ओगले गेल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं.

यामिनीचा फोन अशा दिवसांत आला. यामिनी पुण्याची, चित्रपट दिग्दर्शित करणारी. गाणं तिच्या कानावर पडलं होतं आणि तिला ते आपल्या चित्रपटात हवं होतं. ती स्वतः जबलपूरला येते म्हणाली.

आता पुण्याचं माणूस घरी येणार म्हटल्यावर जबलपुरातल्या मराठी घरात काय होतं ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. चादरी बदलतात, आणि जिभाही. रोज 'काहून' आणि 'करून राहिलो' म्हणणारी माणसं अचानक 'कशासाठी' आणि 'करत आहोत' म्हणायला लागतात, आणि दोन वाक्यांत दमून गप्प होतात. मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत आदल्या दिवशीच येऊन बजावून गेले, "वहिनी, आपण जास्त बोलायचं नाही. ती पुण्याची आहे. हसते लोकांना." स्वतः विष्णुपंत दुसऱ्या दिवशी जाकीट घालून हजर झाले आणि 'अच्छा' हा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून दर वाक्याला ओठ आवळत बसले.

यामिनी मात्र साधी मुलगी निघाली. तिनं खोव्याची जलेबी दोनदा मागून घेतली, ओगल्यांच्या फोटोपुढे वाकली, गिटारीला हात लावायची परवानगी विचारली. मग म्हणाली, "काकू, गाणं आम्ही जसंच्या तसं घेणार. एक शब्द बदलणार नाही, चाल बदलणार नाही. आणि मला ते मूळ रेकॉर्डिंग लागेल, फोनमधलं. त्यातलं घर मला हवंय."

मूळ रेकॉर्डिंग म्हटल्यावर सुहासिनीबाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आवाज त्यांचाच. नाहीतर रेकॉर्डिंग कशाला मागेल? तरीही एकदा विचारून घ्यावं असं त्यांना वाटलं. प्रश्न जिभेवर आलाही. पण तो आला तो आपल्या वेषात आला: 'मग आवाज त्यांचाच घेऊन राहिले ना तुम्ही?' हे असं पुण्याच्या मुलीपुढं कसं बोलायचं? सुहासिनीबाई मनातल्या मनात वाक्य धुऊन-पुसून घ्यायला लागल्या. 'आवाज त्यांचाच घेणार आहात ना? घेत आहात ना? वापरणार...' तोवर विष्णुपंतांनी नर्मदेच्या माहात्म्याला हात घातलेला होता आणि यामिनी घड्याळ बघत होती. सही करायची जागा दाखवली गेली. सुहासिनीबाईंनी सही केली, आणि इतका वेळ तयार करत असलेल्या वाक्याच्या जागी म्हणाल्या, "हो. छान."

सगळं आयुष्य पोरांना 'न कळलं तर विचारा' असं शिकवलेली बाई. पण लाज ही अशी वस्तू आहे की ती शिक्षक बघत नाही की वय बघत नाही.

मग जे महिने गेले ते सुहासिनीबाईंचे, ओगले गेल्यानंतरचे, सर्वांत बरे महिने. त्या बाजारात भाजीवाल्याला सांगायच्या, "भैया, हमारे साहब की आवाज़ पिक्चर में आ रही है." ओगल्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मित्रांना फोन करून सांगितलं. मझौलीला दीर राहतात, त्यांना सांगायला बस करून गेल्या. फोटोपुढे उदबत्ती लावताना म्हणायच्या, "गळ्यासकट घेतलंय हं त्यांनी. मुंबईवाल्यानं नाही घेतलं ते. पुण्यानं घेतलं." या वाक्यासाठी त्या आता जगत होत्या म्हटलं तरी चालेल. माणूस तर परत येणार नव्हता. पण ज्या गळ्याला एका माणसानं मान डोलावून परत पाठवलं होतं, तो गळा भरल्या थेटरात लोक गप्प बसून ऐकतील, आणि आपण तिथं असू, एवढं त्यांना पाहिजे होतं. बाकी काही नाही.

चित्रपट लागायच्या आठवड्यात प्रणोतीचा फोन आला. "आई, गाना रिलीज हो गया ऑनलाइन. तू ऐकलं?"

"नाही अन् ऐकणारही नाही. थेटरातच ऐकीन. तू लावू नको हं माझ्यापुढं."

प्रणोती म्हणाली, "आई, तेव्हा तू विचारलं होतं ना त्यांना, सगळं नीट?"

"विचारायचं काय त्यात? जसंच्या तसं घेतो म्हणाली ती."

प्रणोतीनं ते गाणं त्या आधी तीनदा ऐकलेलं होतं. तिला ते आईला सांगवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी येते. आपण साथ में जाऊ." आणि रजा टाकून आली. घरी आल्यावरही तिला बोलणं झालं नाही. आईनं ठेवणीतली जांभळी पैठणी काढली होती, ओगल्यांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेली. सकाळीच स्वयंपाक करून ठेवला होता, वरण, भात, भरली वांगी, अगदी त्या रविवारी होता तसा. "आलो की जेवू," म्हणाल्या. प्रणोती एवढंच म्हणू शकली, "आई, नाही गेलं तरी चलेगा ना? उद्या जाऊ, गर्दी कमी असते." सुहासिनीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चपला शोधायला लागली.

दुपारचा खेळ मंडळानं पूर्ण घेतलेला. यामिनी मुद्दाम पुण्याहून आलेली. पुढच्या रांगेत ज्या म्हाताऱ्यांनी एकेकाळी तपकीर काढली होती त्यांतले जे उरले होते ते सगळे. सुहासिनीबाईंना मधली खुर्ची दिली, हाती नारळ दिला. विष्णुपंत परत जाकिटात.

चित्रपट एका म्हाताऱ्याचा होता. बायको गेलेली, घरात एकटा. चांगला होता चित्रपट, त्यात खोट काढायला जागा नाही. मध्यांतरानंतर म्हातारा बायकोच्या साडीची घडी घालतो आणि गाणं सुरू होतं. आधी कुकरची शिट्टी. मग भंगारवाल्याची हाक. सुहासिनीबाईंनी अंधारात खुर्चीचा हात धरला. ही त्यांचीच दुपार होती. त्यांचंच स्वयंपाकघर. तो रविवार तिथं पडद्यामागे जसाच्या तसा होता आणि आता ते गाणार होते.

'पूल ओलांडून ये तू.'

गळा तरुण होता. गोड होता, तयार होता, लोण्यात सुरी फिरावी तसा वर चढत होता. 'धरून' वर तो फाटला नाही. सुहासिनीबाई थांबल्या. त्यांना वाटलं, हे एक कडवं असेल, दुसऱ्याला ते येतील. दुसऱ्यालाही तो पोरगाच आला. तिसऱ्याला सनया आल्या. प्रणोतीनं गाणं सुरू व्हायच्या आधीच आईचा हात हातात घेतलेला होता. शेजारी विष्णुपंत डोळे पुसत पुटपुटले, "क्या बात है." गळा दुसऱ्याचा आहे हे त्यांना खटकलंही नाही. हॉलमध्ये कोणालाच खटकलं नाही. शब्द तेच, चाल तीच, तक्रार कशाची करणार? गळे यांच्याकडे चांगले होते.

आणि शेवटचा सूर लागला.

रोज या जागी त्यांचं बोट पुढे जायचं. आता कुठं जाणार? पडद्यावरच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून, भरल्या हॉलच्या चारी भिंतींतून, सुहासिनीबाईंचा स्वतःचा आवाज आला, "अहो, पान वाढून राहिली मी. उठा आता!"

मोठा, मोकळा, जरासा वैतागलेला आवाज. जिचा नवरा बाहेर खुर्चीवर बसलाय अशा बाईचा. जिला उत्तराची काळजी नाही अशा बाईचा. सुहासिनीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि अंग आवळून त्या शब्दाची वाट बघितली, जो ऐकवत नाही म्हणून त्या इतके दिवस पळत होत्या. आता येईल. आता म्हणतील.

पडद्यावरचा म्हातारा दाराकडे वळून बघत राहिला. दारात कोणी नव्हतं. उत्तर आलं नाही. हाक तशीच लोंबकळत राहिली आणि दृश्य बदललं. हॉलभर मुसमुसणं सुरू होतं.

सुहासिनीबाई रडल्या नाहीत. पुढचा चित्रपट त्यांच्या डोळ्यांपुढून गेला एवढंच.

खेळ संपल्यावर दिवे लागले, यामिनीला पडद्यापुढं बोलावलं, शाल दिली. मग विष्णुपंतांनी माइक सुहासिनीबाईंपुढं धरला. "वहिनी, दोन शब्द." आणि हळूच, "दोनच."

त्या उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी वाक्य धुऊन घेतलं नाही.

"यामिनी, बेटा, एक गोष्ट मी तेव्हाच विचारायला पाहिजे होती. तेव्हा लाजली मी, माझं मराठी असं आहे म्हणून. आता विचारून राहिली. मी आवाज दिला अन् हे आले नाहीत, असं आमच्या घरी एकदाही झालं नाही. एकदाही नाही. रुसलेले असले तरी यायचे. ताप असला तरी यायचे. मग तुझ्या पिच्चरमध्ये काहून नाही आले ते?"

टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या. लोकांना वाटलं, बाई दाद देतायत, किती सुंदर बोलल्या. पुढच्या रांगेतले म्हातारे उभे राहिले. मागून कोणी तरी "वाह, आंटी!" म्हणालं. त्या सगळ्या गदारोळात दोघीच जणी टाळ्या वाजवत नव्हत्या. एक प्रणोती. दुसरी यामिनी. तिचा चेहरा उतरला होता.

बाहेर ती धावत आली. "काकू, त्या सीनला उत्तर नको होतं. तो एकटा पडलाय ना. आणि आवाज... काकांचा आवाज छान होता, पण घरगुती होता. कंपनीनं ऐकलं नाही. मी सांगायला हवं होतं तुम्हाला. तुम्ही 'छान' म्हणालात, मला वाटलं तुम्हाला माहितीये."

तिचीही चूक म्हणवत नव्हती. सुहासिनीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मुंबईला शब्द ठेवून आले नव्हते गं ते," त्या म्हणाल्या. "मी ठेवून आली." यामिनीला या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि सांगत बसायला सुहासिनीबाईंच्यात त्राण नव्हतं.

दोघी रिक्षानं घरी निघाल्या. मदनमहालापाशी एका पानटपरीवर तेच गाणं लागलं होतं, तोच तयार गळा. रिक्षावाल्याला ते आवडलं असावं. त्यानं रिक्षा हळू केली.

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी पैठणी बदलली नाही. थेट फोटोपुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. सकाळची उदबत्ती विझून गेली होती. "मला माफ करा हो," म्हणाल्या. "पुण्याची पोरगी समोर बसली होती अन् मला एक वाक्य बोलवलं नाही." मग आत जाऊन त्यांनी वरण गरम केलं, भात गरम केला, आणि पानं वाढली. प्रणोतीनं बघितलं, पानं तीन होती.

सुहासिनीबाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि गाणं लावलं. तो खरखरीत, नाकातला गळा घरभर झाला. 'धरून' वर फाटला. शेवटचा सूर आला. प्रणोतीनं सवयीनं आईच्या बोटाकडे पाहिलं. बोट हललं नाही.

"अहो, पान वाढून राहिली मी. उठा आता!"

"आलो गं, आलो."

खुर्ची सरकली, आणि फोन गप्प झाला.

वरणावर साय धरायला लागली. प्रणोतीनं डोळे पुसले आणि आईचं पान जरा पुढे सरकवलं. "आई, जेव ना. सब ठंडा हो रहा है."

"थांब जरा," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांची नजर दारावर होती. "आलो म्हणाले ना ते."